दारदुरुस्ती, घरगुती

घराच्या अथवा घरगुती यंत्राच्या दाराचा निकामी झालेला भाग काढून त्याच्या जागी दुसरा बसविण्याची क्रिया. दाराची फळी सहसा दीर्घकाळ टिकते; झिजतात ते तिला फिरविणारे, तोलणारे व बंद ठेवणारे लहान भाग. असा भाग कोण घडवितो व तो कोणाकडून मिळतो, यावर दुरुस्तीची सुलभता अवलंबून असते.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यातील इतर खेड्यांप्रमाणे तेथेही सुतार व लोहार हे बलुतेदार होते. शेतीच्या अवजारांची दुरुस्ती हे त्यांचे मुख्य काम असून त्याबद्दल त्यांना सुगीच्या वेळी धान्यरूपाने बलुते मिळे. घरकामाची मजुरी सामान्यतः वेगळी दिली जाई. जुन्या वाड्यांची दारे बिजागरीऐवजी फळीच्या कडेला वर व खाली ठेवलेल्या लाकडी खुंटांवर फिरत. खुंट झिजल्यास सुतार नवा जोडून देई. कडी, कोयंडा व खिळे लोहार घडवी. प्रत्येक भाग त्या त्या दारापुरता घडविलेला असल्याने तो दुसऱ्या दारास बसेलच असे नसे. मात्र घडविणारा जवळच असे.

हेन्री मॉडस्ली यांचे आटे पाडणारे लेथ (सु. १८००) व जोसेफ व्हिटवर्थ यांनी सुचविलेले आट्यांचे प्रमाणीकरण (१८४१) यांमुळे एकसारखे, परस्परांऐवजी वापरता येणारे भाग कारखान्यात तयार होऊ लागले. कारखान्यातील बिजागऱ्या व स्क्रू बाजारात येताच स्थानिक घडणीची गरज घटली.

भांडी धुण्याच्या यंत्रात हा बदल स्पष्ट दिसतो. जोसेफीन कॉक्रन यांना अशा यंत्राचे अमेरिकी एकस्व १८८६ मध्ये मिळाले व १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडले गेले. विल्यम हॉवर्ड लिव्हन्झ यांच्या १९२४ मधील घरगुती यंत्रात भांडी ठेवण्यासाठी दार, तारेची मांडणी व फिरता फवारा होता. आधुनिक यंत्राचे दार खाली उघडते. अनेक प्रतिकृतींत त्याचे वजन दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा दोरीच्या किंवा पट्टीच्या साहाय्याने तोलून धरतात. दोरी तुटल्यास दार एकदम खाली आदळते. रबरी पट्टी झिजल्यास पाणी गळते, तर खटका न बसल्यास विद्युत् मंडल पूर्ण होत नाही व यंत्र सुरूच होत नाही. दुरुस्तीपूर्वी वीज व पाणी बंद करतात. ताण समान राहावा म्हणून दोन्ही बाजूंच्या दोऱ्या एकाच वेळी बदलणे इष्ट असते. काम अवघड नसते. पण नेमका त्याच प्रतिकृतीचा भाग लागतो व तो न मिळाल्यास सुस्थितीतील यंत्रही टाकून द्यावे लागते.

यामुळे ‘दुरुस्तीचा हक्क’ ही कल्पना पुढे आली. यूरोपीय संघाच्या १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार या यंत्रांच्या दाराच्या बिजागऱ्या व रबरी पट्ट्या, प्रतिकृतीचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान १० वर्षे ग्राहकांनाही उपलब्ध ठेवाव्या लागतात. भारतात केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. तिने विचारार्थ घेतलेल्या क्षेत्रांत घरगुती टिकाऊ वस्तूंबरोबर शेतीची अवजारेही होती. त्यामुळे मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या, शेतीप्रधान बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न स्वयंपाकघरापुरता मर्यादित राहत नाही. पूर्वी गावात घडविला जाणारा भाग आता उत्पादकाकडून मिळवावा लागतो. तो मिळण्याची हमी हाच या हक्काचा गाभा होय.