संशोधक विद्यार्थी आणि प्रशासनाचा अधिकार: रामदास प्रकरण व तक्रारीचे नियम

रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे, पुढे नागपूर विद्यापीठ. पीएच.डी.ला नोंदणी केलेली आपल्या वस्त्यांतली पहिल्या पिढीची मुले-मुली आम्हाला कामानिमित्त भेटतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: गाइड किंवा कार्यालय अडवून बसले तर जायचे कुठे?

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील दलित संशोधक रामदास प्रिनी शिवानंदन यांचे प्रकरण यासाठी माहीत असावे. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीतील विद्यार्थी मोर्चात भाग घेणे आणि 'राम के नाम' माहितीपट पाहण्याचे आवाहन करणे, यांवर संस्थेने बोट ठेवले. १८ एप्रिल २०२४ रोजी त्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केले आणि तुळजापूरसह सर्व परिसरांत प्रवेशबंदी केली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निलंबन भोगलेल्या काळापुरतेच कमी करून संशोधन पुढे नेण्याची मुभा दिली. म्हणजे निर्दोष ठरवले असे नव्हे, शिक्षा कमी केली. पण तोवर वर्ष गेले होते. संशोधकाचे वर्ष जाणे ही साधी गोष्ट नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन. फेलोशिपचीही मुदत ठरलेली असते.

एवढी मोठी कारवाई क्वचितच होते. रोजचा जाच लहान असतो. प्रगती अहवालावर सही लांबवणे, फेलोशिपची पडताळणी न करणे, विषय बदलायला लावणे. याचा आदेश कधी कागदावर नसतो, म्हणून दादही मागता येत नाही. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे.

यूजीसीच्या एप्रिल २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तीत किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील सदस्य हवा. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते. लोकपाल विद्यापीठच नेमते, हे मात्र आम्हाला खटकते.

तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येते; उत्तराची मुदत ३० दिवस आहे.