साडेसहा ते सूर्यास्त

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणीत. दिवाळीचे नवे कापड घरात आले की ते आधी उजेडाकडे धरीत आणि बोट फिरवून तुटलेला धागा शोधीत. आजी म्हणे, “अहो, सणाच्या दिवशी तरी खोड काढू नका!” पण ही खोड काढण्याची हौस नव्हती, भीती होती. कापडात दोष निघाला तर तो तागा साचेवाल्याच्याच गळ्यात पडे आणि त्याची किंमत पगारातून कापली जाई. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांत ही रीत होती. तशाच एका ताग्याच्या गोधडीवर मी लहानाचा मोठा झालो.

या भीतीचा विचार करताना मला १८८४ सालचा एक अर्ज आठवतो. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या वर्षी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे ५,५०० जणांच्या वतीने मागण्या मांडल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. ही शेवटची मागणी पुन्हा एकदा वाचा. आरंभ घड्याळावर, शेवट सूर्यावर! गावाकडून आलेल्या माणसाने मालकाचे घड्याळ मानले खरे, पण सुटायची वेळ त्याने सूर्याकडेच ठेवली. सूर्याचे काटे कोणाला फिरवता येत नाहीत.

रविवार मिळाला, १० जून १८९० रोजी. सूर्याने मात्र दगा दिला. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमारास चौदा-चौदा तास साचे चालू लागले. पुढच्याच वर्षी सरकारने घड्याळे ३९ मिनिटे पुढे सरकवली, तेव्हा कामगार खवळले यात नवल ते काय? प्रौढ पुरुषांच्या तासांना कायद्याची मर्यादा पडली ती १९११ साली, तीही बारा तासांची. १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, १९४८ मध्ये नऊ.

तास उतरले, तरी साचेवाल्याच्या हातातला पेच सुटला नाही. त्याची मजुरी कामावर. जितके कापड तितका पैसा. धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारावी, तर वेळ जाई आणि मजुरी बुडे; न थांबावे तर डाग राही आणि दंड बसे. धागा तुटे तो पुष्कळदा हलक्या सुतामुळे, पण ते सूत निवडणारा वेगळाच. असे दोन साचे एकेकाकडे असत. ते तीन करायचे ठरले, तेव्हा १९२८ चा मोठा संप पेटायला तेही एक कारण झाले.

मी कचेरीत लागलो. माझ्या टेबलावर साचा नव्हता, भोंगा नव्हता. १९६८ च्या दिवाळीआधी एकदा बेरजा तिसऱ्यांदा तपासून रात्री दहाला घरी आलो. आजोबा गोधडीवर जागेच होते.

“साहेबांनी थांबवलं?”

“नाही, मीच थांबलो.”

“चुकलं तर कापतात किती?”

“काही नाही कापत, आजोबा.”

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.