हां सिस्टर, तेच द्या

आमच्या आयटीत 'मेंटॉर' हा शब्द फार स्वस्त झालाय. नवीन पोरगा जॉइन झाला की एचआर त्याला एक मेंटॉर चिकटवून देतं. पहिल्या दिवशी दोघं मिळून कॅन्टीनला जातात आणि त्यानंतर मेंटॉरसाहेब चॅटवर 'बघतो रे' एवढंच म्हणतात. :) मूळ शब्द ग्रीक पुराणातला. ट्रॉयच्या युद्धावर निघताना ओडिसियसने आपला लहान मुलगा ज्या मित्राच्या भरवशावर ठेवला, त्या मित्राचं नाव मेंटॉर. म्हणजे मुळात हे काम जबाबदारी घेण्याचं होतं, कॅन्टीन दाखवण्याचं नव्हे.

हा विषय डोक्यात घुसला तो माझ्या मावसबहिणीमुळे. ताई इथेच, संभाजीनगरात, एका हॉस्पिटलच्या आयसीयूत नर्स आहे. रात्री तीनला पेशंटचं बीपी पडतं. काय करायचं ते तिला माहीत असतं, कारण हेच ती सात वर्षं बघतेय. पण ऑर्डर घ्यायला डॉक्टरांना फोन लावायचा. डॉक्टर अर्धवट झोपेत विचारतात, "तुम्हाला काय वाटतं सिस्टर?" ती सांगते. पलीकडून उत्तर येतं, "हां सिस्टर, तेच द्या." फाइलवर निर्णय त्यांच्या नावाने जातो. ताईची तक्रार नावाबद्दल नाही. ती म्हणते, "फोन लागला नाही तर?"

या प्रश्नाला जगात एक उत्तर आहे, त्याचं नाव नर्स प्रॅक्टिशनर. अनुभवी नर्सला आणखी शिकवायचं आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत तपासणं, निदान करणं, औषध देणं हे तिने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं. याची सुरुवात १९६५ साली अमेरिकेत झाली. खेड्यापाड्यांत लहान मुलांना बघायला डॉक्टर पुरत नव्हते, म्हणून लॉरेटा फोर्ड या पब्लिक हेल्थ नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने कोलोरॅडो विद्यापीठात पहिला अभ्यासक्रम काढला. डॉक्टर तर सोडाच, नर्सिंगमधल्या बड्या मंडळींनीही नाकं मुरडली. आज तिथे तीन लाखांहून जास्त नर्स प्रॅक्टिशनर आहेत आणि निम्म्याहून जास्त राज्यांत त्या डॉक्टरच्या सहीशिवाय काम करतात. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत वारल्या, वयाच्या १०४ व्या वर्षी. स्वतः लावलेलं झाड एवढं मोठं झालेलं बघायला मिळणं हे भाग्यच.

मग आपल्याकडे काय झालं? हे शोधायला बसलो आणि दोन शनिवार गेले. मला वाटलं होतं की आपल्याकडे नर्सेसना शिकवायलाच कुणी नव्हतं. तसं नाहीये. शिकवणारे होते, आणि फार मोठी माणसं होती. गाडी अडली ती दुसरीकडेच.

मुंबईपासून सुरू करू. १८८६ साली कामा हॉस्पिटल उघडलं. बायकांचं हॉस्पिटल, चालवणाऱ्याही बायका. प्रमुख होत्या एडिथ पीची. एडिंबरामध्ये मेडिकलला प्रवेश मिळवण्यासाठी ज्या मुली भांडल्या, त्यांच्यातल्या त्या एक. इथे येऊन त्यांनी नर्सेसचं प्रशिक्षणही हाती घेतलं. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय प्रशिक्षित नर्स म्हणून काशीबाई गणपत हे नाव येतं, साल १८९१. त्यांच्याबद्दल बहुतेक ठिकाणी एवढी एकच ओळ असते. शिकवणाऱ्या बाईंची चरित्रं झाली आणि शिकणाऱ्या बाईंच्या वाट्याला एक ओळ आली. असो.

मग पुणे. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. रमाबाई रानड्यांनी पुढे १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरलं. आता जरा तो काळ डोळ्यांसमोर आणा. परक्या पुरुषाच्या जखमा धुवायच्या, सगळ्या जातींच्या रोग्यांना हात लावायचा, रात्रपाळी करायची, आणि हे करणार कोण, तर पांढरपेशा घरातल्या विधवा मुली! घरच्यांना कसं पटणार? रमाबाईंनी मनं वळवली, मुलींसाठी वसतिगृह काढलं, थोडक्यात त्यांची हमी घेतली.

एक प्रसंग सांगतात. सेवासदनच्या एका समारंभात केशवपन केलेली, लाल आलवणातली एक तरुण नर्स बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो उडवली. रमाबाईंनी भाषणात त्या पोरांची अशी काही खरडपट्टी काढली, की पुन्हा तोंड वर करायची सोय राहिली नाही. रमाबाई काही डॉक्टर नव्हत्या की नर्स नव्हत्या. इंजेक्शन कसं द्यायचं हे त्या शिकवू शकत नव्हत्या. ते काम ससूनचं. पण मुलगी वॉर्डातून परत आल्यावर तिच्या बाजूने भांडायला कुणीतरी लागतं, आणि ते काम त्यांनी केलं. वसतिगृहाशिवाय आणि त्या खरडपट्टीशिवाय ससूनचं शिक्षण कितीजणींनी पूर्ण केलं असतं?

पुढचा टप्पा आकड्यांचा. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा हिशोब मांडला. अख्ख्या ब्रिटिश भारतात सुमारे ७,००० नर्सेस, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक! स्वातंत्र्यानंतर झटपट माणसं हवी होती, म्हणून १९५१ मध्ये एएनएमचा कोर्स सुरू झाला. गावाकडे आपण जिला 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' म्हणतो ती ही. तिचं मुख्य काम बाळंतपण. नुसतं पाणी तापवून देणं नव्हे, स्वतः बाळंतपण करणं. विचार केला तर ती नर्स प्रॅक्टिशनरच्या अगदी जवळ आलेली होती.

मग १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने 'बहुउद्देशीय कर्मचारी' ही कल्पना मांडली. एएनएमकडे कुटुंबनियोजन आलं, लसीकरण आलं, रजिस्टरं आली. प्रशिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आलं. शेजारी उभं राहून शिकवणारी अनुभवी सुईण-नर्स नाही, उपकेंद्रात ही एकटीच, आणि वरून विचारणा होणार ती टार्गेटची. बाळंतपण करायचा हात हळूहळू गेला. कुठला जीआर काढून कुणी तो बंद केला नाही. ज्या कामाबद्दल कुणी विचारत नाही ते काम विसरलं जातं. आमच्याकडे जुन्या मॉड्यूलचं तसंच होतं, म्हणून मला हे पटकन कळलं.

आणि याच काळात, आपल्यापासून तीन-चार तासांवर, बरोबर उलटं काहीतरी घडत होतं. बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून जामखेड आहे, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं वेल्लोरला डॉक्टर झालं, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलं आणि १९७० मध्ये इथे कामाला लागलं. त्यांनीही आधी गावोगावी एएनएम बसवून बघितल्या. जमलं नाही. बाहेरून आलेल्या एकट्या मुलीला गावात राहणं अवघड, आणि गावाचा तिच्यावर विश्वास नाही. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित.

मला थक्क केलं ते शिकवण्याच्या पद्धतीने. एकदाच कोर्स, सर्टिफिकेट, टाटा बायबाय असं नाही. या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, सगळ्या जातींच्या एकत्र जेवायच्या-झोपायच्या. गावात काय अडलं ते सांगायच्या आणि त्यावरच पुढचा धडा व्हायचा. शिवाय नर्स असलेलं फिरतं पथक त्यांच्या गावी जायचं. अवघड केस असेल तर शेजारी नर्स, तिच्या मागे डॉक्टर. डॉक्टरने आपलं काही ज्ञान नर्सला द्यायचं, नर्सने आपलं काही गावातल्या बाईला. आणि दिलं म्हणजे दिलं, पुन्हा हिसकावून घ्यायचं नाही. १९७१ मध्ये त्या गावांत हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तीसच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली याच बायकांपैकी एक, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की हे झुंबर सुंदर आहे पण महाग आहे. आम्ही पणत्या. एकीवरून दुसरी पेटते.

आता पुन्हा नर्सेसकडे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतीय परिचर्या परिषदेने प्रसूतीसाठी स्वतंत्र नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आखला. पश्चिम बंगालात प्रयोग झाला, पुढे गुजरातेतही. नर्सेस शिकल्या, पास झाल्या आणि परत आल्या त्या जुन्याच खुर्चीवर. 'नर्स प्रॅक्टिशनर' असं पदच सरकारी यादीत नव्हतं. ना वेगळा पगार, ना अधिकार. आमच्या भाषेत सांगायचं तर ट्रेनिंग झालं, परीक्षा झाली, पण प्रॉडक्शनचं लॉगिन कुणी दिलंच नाही! वर्षभर शिकलेली गोष्ट करायला मनाई असेल तर ती किती दिवस हातात राहील?

दरम्यान हॉस्पिटलं भरत गेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. उत्तमच. पण २१.५ टक्के सिझेरियन होतात. नैसर्गिक बाळंतपणात तासन् तास शेजारी बसणारं माणूस लागतं, आणि गर्दीच्या लेबर रूममध्ये तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अनुभवी नर्सला १८ महिने शिकवून 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' करायचं. यावेळी एक गोष्ट शहाणपणाची केली. आधी शिकवणाऱ्या तयार करायच्या, त्यांचं स्वतंत्र प्रशिक्षण, आणि मग त्यांनी लेबर रूममध्ये शेजारी उभं राहून बाकीच्यांना तयार करायचं.

याची रंगीत तालीम आपल्या शेजारीच झाली होती. मराठवाडा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच हैदराबादची फर्नांडिस फाउंडेशन, तेलंगण सरकार आणि युनिसेफ यांनी मिळून २०१७ मध्ये करीमनगरला ३० सरकारी नर्सेसची तुकडी घेतली. शिकवायला परदेशी अनुभवी मिडवाइफ आल्या. या उपक्रमामागच्या डॉ. एविटा फर्नांडिस स्वतः प्रसूतितज्ज्ञ आहेत. ज्या कामावर डॉक्टरांचा हक्क समजला जातो ते नर्सेसच्या हाती द्या, असं एका डॉक्टरनेच म्हणणं, याचं वजन वेगळं असतं. नाहीतर विरोध काही कमी नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये डॉक्टर नसलेल्यांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर संप केला. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. अर्धवट शिकलेल्याच्या हाती औषध गेलं तर पेशंट मरतो. पण यावर उपाय नीट शिकवणं आणि मर्यादा स्पष्ट लिहिणं हा आहे. नर्सला मध्यरात्री फोनवर ताटकळत ठेवल्याने पेशंट सुरक्षित होत नाही.

१८८६ पासूनचा हा हिशोब मांडल्यावर मला एवढं दिसलं. पीचीबाईंनी हात शिकवला. रमाबाईंनी पाठ राखली. आरोळ्यांनी दोन्ही केलं आणि वर अधिकारही सोडला. जिथे या तीनपैकी एक गोष्ट राहिली, तिथे बाकीच्या दोन वाया गेल्या. बंगाल-गुजरातच्या नर्सेसकडे शिक्षण होतं, पद नव्हतं. उपकेंद्रातल्या एएनएमकडे पद होतं, शेजारी कुणी नव्हतं.

आपली घाटी १९५६ पासून उभी आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोली, कुठूनही अडलेली बाई शेवटी तिथेच येते. तिच्या उशाशी रात्रभर कोण असतं? नर्स. २०२३ मध्ये परिचर्या आणि मिडवाइफरीसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा झाला आणि १९४७ चा जुना कायदा निवृत्त करायची तरतूद त्यात आली. छान. त्यातून नवे अभ्यासक्रम निघतील, त्यांची उद्घाटनं होतील, फोटो येतील. तुमच्या ओळखीत कुणी त्या खात्यात असेल तर त्यांना फक्त एवढंच विचारा, की कोर्स संपल्यावर सोमवारी सकाळी ती नर्स कुठल्या पदावर हजर होणार आणि पहिले सहा महिने तिच्या शेजारी कोण उभं असणार? या दोन प्रश्नांना नावासकट उत्तर मिळालं तर समजा, काम होणार.

आज फार लांबलं. भेटू पुढच्या शनिवारी.