दूषित रक्ताचे बळी आणि मानसिक आधार

ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापासून १९९०च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत दूषित रक्त व रक्तघटकांमुळे ३० हजारांहून अधिक रुग्णांना एचआयव्ही आणि हेपटायटिसची लागण झाली. सुमारे ३ हजार जण दगावले. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशी आयोगाने २० मे २०२४ रोजी सादर केलेल्या अंतिम अहवालात हा निव्वळ अपघात नव्हता, असा निष्कर्ष काढला.

शरीराइतकीच मनालाही इजा झाली. रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार, अर्थात हिमोफिलिया असलेल्या मुलांना अनेक पालकांनी घरीच 'फॅक्टर आठ'ची इंजेक्शने दिली होती. आपल्याच हातून मुलाला रोग गेला, ही बोचणी त्यांना आयुष्यभर पुरली. एड्सविषयीच्या भीतीमुळे अनेक कुटुंबांनी आजार शेजाऱ्यांपासून लपविला. काही रुग्णांना तर लागण झाल्याचे डॉक्टरांनीच वेळेवर सांगितले नाही.

अशा रुग्णाला सर्वसाधारण समुपदेशन अपुरे पडते. ज्या यंत्रणेने विश्वासघात केला, तिच्याच दारात मदत मागायची असते. शिवाय प्रत्येक नव्या तज्ज्ञापुढे आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. म्हणूनच या प्रकरणाची जाण असलेले मानसतज्ज्ञ आवश्यक ठरतात. वेल्स व स्कॉटलंडमध्ये अशी विशेष सेवा आधीपासून होती. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने ती २०२४मध्ये सुरू केली. बाधितांबरोबरच त्यांच्या कुटुंबीयांनाही तिचा लाभ घेता येतो. मात्र, तोवर अनेकांनी हे दुःख मनात ठेवूनच जगाचा निरोप घेतला होता.