आठ आण्यांचा कुत्रा

१९७४ च्या उन्हाळ्यात सावंतवाडीजवळच्या आमच्या वाडीत एक कुत्रा माझ्या पोटरीला चावला. मी सात वर्षांची होते. दिवेलागणीच्या आत माणसांनी काठ्यांनी त्याचा जीव घेतला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुत्रा कुठे आहे?" तो दहा दिवस बांधून ठेवला असता आणि धडधाकट राहिला असता, तर सुया मध्येच थांबवता आल्या असत्या. आता तो पिसाळलेला होता की नुसता बिथरलेला, हे कळायची सोय उरली नव्हती. म्हणून मला बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, रोज एक. उकळून काढलेली काचेची सिरिंज, कालची सुजलेली जागा चाचपून बाजूला सरकणारी डॉक्टरांची बोटं आणि आजीचं "डोळे मिट गो बाय". डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. क्वचित कुणाला तिच्यामुळे लकवाही व्हायचा. २००४ च्या अखेरीस ती आपल्याकडे बंद झाली.

पुढे मुंबईचा इतिहास वाचताना मला आमची वाडी पुन्हा भेटली. १८१३ च्या नियमाने मुंबईत भटकी कुत्री मारायला मोसम ठरवून दिला होता: १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. उन्हाच्या तलखीने कुत्री पिसाळतात, असा तेव्हाचा समज. १८३२ मध्ये उन्हाळ्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. एका कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. अर्धा रुपया तेव्हा लहान रक्कम नव्हती. मारेकरी पिसाळलेलं जनावर शोधत बसले नाहीत. हाताशी आलेलं, दारातलं, पाळलेलंसुद्धा त्यांनी सोडलं नाही.

त्याच वर्षी ६ जूनला मुंबईच्या कोटातले पारशी रस्त्यावर उतरले आणि कुत्री मारणाऱ्या शिपायांवर धावून गेले. पारशी धर्मात मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवतात. तो विधी म्हणजे सगदीद. ज्याच्या नजरेवर शेवटचा निरोप अवलंबून, त्याला डोळ्यांदेखत ठेचलेलं ते कसं सोसणार? दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले. लष्कराची रसद अडली, न्यायाधीशांच्या बग्गीवर घाण फेकली गेली. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. नंतर जमशेदजी जीजीभाईंसारख्या पारशी पुढाऱ्यांनी रदबदली केली. कुत्री मारू नका, पकडून शहराबाहेर सोडा, असं लोकांचं म्हणणं होतं.

सरकारची भीती खोटी नव्हती. पाश्चरची लस यायला १८८५ उजाडायचं होतं. तोवर पिसाळलेलं जनावर चावलं, तर रोग रोखायला लस नव्हती; आणि रोग उमटला की मरणच. चूक त्या भीतीची नव्हती, ज्याच्या उंबऱ्याशी कुत्रा भाकरी खातो त्या माणसाला न विचारता काढलेल्या हुकमाची होती. आणि तीच चूक पुढे दीडशे वर्षं चालली. शिवाय कुत्री मारली की मोकळ्या जागेत, उकिरड्यावर, दुसरी येतात. त्यांना लस टोचलेली नसते. अखेर १९९४ पासून मुंबईने मारण्याऐवजी नसबंदीचा रस्ता धरला. २००१ च्या केंद्रीय नियमांनी तो देशभर नेला: नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचललं तिथेच परत सोडा.

हे किती साधतं, ते आमच्या सीमेवरच्या बांद्यापलीकडे, गोव्यात दिसलं. तिथे सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने दारोदार जाऊन कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं. दहांपैकी सात कुत्री लसवंत झाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला.

तिथल्या एका वाड्यावर मी हे काम पाहिलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या तांबड्या कुत्र्याची मान कुशीत धरली होती आणि त्याच्या कानात ती काहीतरी पुटपुटत होती. सुई टोचली, डोक्यावर रंगाची खूण उमटली. तो अंग झाडून तिच्याच पायरीवर जाऊन बसला. आमच्या वाडीतला कुत्रा मला आठवला. त्याला असं धरणारं कुणी असतं, तर त्याच्यावर काठी पडली नसती आणि माझ्या पोटात सुईही गेली नसती.

घरातलं मांजर असो वा दारातला कुत्रा, वर्षाला एक लस द्या. चावलंच, तर चुना-तिखट लावू नका. साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जनावर बांधून ठेवता आलं तर ठेवा, दहा दिवस बघा. पण मारू नका.