गिंबल असूनही व्हिडिओ का हलतो? स्टेडिकॅमची गोष्ट

तुमच्या लॅबमध्येही एखादा गिंबल असेल. मोबाइल लावायचा, बटण दाबायचं आणि चालायला लागायचं. मीही तेच केलं. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी एका ठरलेल्या रेषेवरून चालत, कॅमेरा खाली धरून व्हिडिओ घ्यायचा आणि नंतर एकेक फ्रेम थांबवून खडकाला चिकटलेले जीव मोजायचे, असा बेत होता. व्हिडिओ बघायला झकास आला. मोजायला बसलो तेव्हा कळलं की प्रत्येक पावलागणिक कॅमेरा खडकाच्या जवळ-लांब होतोय. कॅमेरा एक मीटर उंचीवर असेल आणि तो नुसता 10 सेंटीमीटर वर गेला, तरी फ्रेममध्ये मावणारं क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं. म्हणजे घनता काढायची तर आकडेमोडच कोलमडली. चांगल्या ओहोटीचे दिवस महिन्यात मोजकेच मिळतात, त्यातले चार असे गेले.

गिंबल बिघडला नव्हता. तो त्याचं काम चोख करत होता, माझं काम वेगळं होतं. हा फरक मला मॅन्युअल वाचून कळला नाही. कळला तो गॅरेट ब्राउन या माणसाच्या खटपटीविषयी वाचताना.

1970च्या दशकाची सुरुवात. ब्राउन अमेरिकेत, फिलाडेल्फियात जाहिरातपट आणि छोट्या फिल्म्स करत होता. त्याआधी लोकसंगीताचा गायक, मग मोटारींचा विक्रेता. इंजिनिअर वगैरे अजिबात नाही. कॅमेरा चालता ठेवायचा तर त्या काळी दोनच मार्ग होते. एक म्हणजे डॉली, रुळांवरून ढकलायची गाडी. ब्राउनकडची डॉली 800 पौंडांची, म्हणजे सुमारे 360 किलोंची होती. दुसरा म्हणजे कॅमेरा खांद्यावर घेऊन चालणं, ज्यात सगळं चित्र थरथरतं.

आता इथे जरा थांबा. आपण चालतो तेव्हा आपलं डोकंही हलतं, पण जग हलताना दिसत नाही. मग कॅमेऱ्यातूनच का दिसतं? ‘कॅमेरा हलतो’ हे उत्तर फार ढोबळ आहे. हलणं दोन प्रकारचं असतं: जागा बदलणं आणि कोन बदलणं. 10 मीटरवरच्या झाडाकडे कॅमेरा रोखलाय असं समजा. कॅमेरा एक सेंटीमीटर बाजूला सरकला तर झाडाच्या अंतरावर चित्रही तेवढंच, एक सेंटीमीटर सरकेल. पण तो एक अंश वळला तर तिथे चित्र 17 सेंटीमीटरनी सरकतं. लांबच्या दृश्यात त्रास देतो तो मुख्यतः कोन.

ब्राउनने हे समीकरण मांडून सुरुवात केली नाही. त्याने एक दांडा घेतला, कॅमेरा लावला आणि कॅमेऱ्यापासून लांब वजनं लावली. वस्तुमान जितकं लांब पसरवाल, तितकं ती वस्तू वळवणं अवघड. बारावीत जडत्व आघूर्णाच्या गणितात अंतराचा वर्ग येतो ना, तोच. तारेवर चालणारा डोंबारी हातात लांब काठी धरतो ती याचसाठी. वजनं पसरवली की गुरुत्वमध्य कॅमेऱ्याच्या पोटातून बाहेर, दांड्यावर येतो, आणि तिथे हाताने धरता येतं. पकड बरोबर त्या जागी असेल तर हाताचा धक्का कॅमेऱ्याला सरकवतो, वळवत नाही.

कोन सुटला, पण एवढं ओझं हातावर पेलवेना. शिवाय उरलेलं वरखाली होणं होतंच. त्यावर उपाय म्हणून आला स्प्रिंगचा हात: टेबललॅम्पचा असतो तसा, समांतरभुज चौकोनाचा, मध्ये कोपर असलेला. कॅमेऱ्याचं वजन स्प्रिंगांनी तोलून धरलेलं, आणि हात अंगातल्या जाकिटाला जोडलेला, म्हणजे भार कमरेवर. डिझाइन पक्कं करण्यासाठी ब्राउन आठवडाभर एका मोटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून बसला होता. तिसरा अडथळा डोळ्याचा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की डोक्याची हालचाल थेट कॅमेऱ्यात उतरते. आधी त्याने फायबर ऑप्टिकच्या केबलने चित्र डोळ्यापर्यंत आणलं, पुढे छोटा व्हिडिओ मॉनिटर आला.

1974 साली त्याने नमुन्याची फिल्म बनवली. त्यात त्याची मैत्रीण फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून धावते. ती बघून दिग्दर्शक जॉन अविल्डसनने विचारलं की या पायऱ्या आहेत कुठे, आणि 1976च्या ‘रॉकी’मधला तो प्रसिद्ध प्रसंग तिथेच झाला. स्टॅनली कुब्रिकने तीच फिल्म बघून कळवलं की काही फ्रेममध्ये जमिनीवर यंत्राची सावली दिसते आहे, तेवढ्यावरून कुणी रचना ओळखेल, त्या कापा! पेटंट 1977 साली मिळालं. पुढे कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी (1980) ब्राउनने कॅमेरा दांड्याच्या खालच्या टोकाला लावून जमिनीलगत चित्रण केलं.

मला सगळ्यात आवडतं ते ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधलं (1983) जंगलातलं उडणाऱ्या मोटारसायकलींचं दृश्य. ब्राउन कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या रानात स्टेडिकॅम घेऊन चक्क चालत गेला. कॅमेरा सेकंदाला एका फ्रेमपेक्षाही कमी वेगाने चालू होता. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम. ताशी पाच किलोमीटरचं चालणं तिथे 120च्या वर गेलं. जरासा डुगडुगला असता तर तो झटकाही तितक्याच पटीत वेगवान दिसला असता.

2013च्या सुमारास मोटरवाले गिंबल बाजारात आले. सेन्सर कोन मोजतो आणि तीन मोटर उलट दिशेला वळून तो भरून काढतात. वजनं नकोत, वर्षभराचा सराव नको. पण नीट बघा, त्यांनी ब्राउनच्या दांड्याची जागा घेतली, स्प्रिंगच्या हाताची नाही. वरखाली होणं तसंच राहिलं. सपाट रस्त्यावर चालतानाही शरीर चार-पाच सेंटीमीटर वरखाली होतं, खडकांवर त्याहून कितीतरी जास्त. 10 मीटरवरच्या झाडाला त्याने फारसा फरक पडत नाही. एक मीटरवरच्या खडकाला पडतो. म्हणून गिंबल घेऊन गुडघे वाकवून, पाऊल टाचेकडून अलगद टेकवत चालायला सांगतात. स्प्रिंगचं काम गुडघ्यांनी करायचं.

घेताना याचाच विचार करा. मुलाखत, लॅबची ओळख, लांबची दृश्यं असतील तर मोबाइलचा गिंबल पुरे. चालू करण्याआधी मोबाइल हाताने तोलून लावा, नाहीतर मोटर उगाच तापतात आणि बॅटरी उतरते. वजनांचा, बिनमोटरचा स्टेबिलायझर स्वस्तात मिळाला तर तो दांडा आडवा धरून सोडून बघा. उभा व्हायला दोन-तीन सेकंद लागले तर ठीक. झटकन उभा झाला तर खाली वजन जास्त आहे, आणि तुम्ही चालू लागताना किंवा थांबताना तो लंबकासारखा झुलेल. आणि व्हिडिओवरून काही मोजायचं असेल तर मोबाइलमधलं डिजिटल स्टॅबिलायझेशन आधी बंद करा. ते फ्रेम कापतं, वाकवतं आणि तुम्हाला सांगत नाही.

माझ्या किनाऱ्यासाठी शेवटी यातलं काहीच वापरलं नाही. प्लंबिंगच्या पाइपचा चार पायांचा सांगाडा केला, वर मोबाइल. दर मीटरला ठेवायचा, फोटो काढायचा, उचलायचा. पायाशी एक पट्टी बांधलेली आहे, ती प्रत्येक फोटोत येते. चालण्यापेक्षा वेळ जास्त लागतो, त्यामुळे एका ओहोटीत पूर्वीच्या निम्मी रेषाही होत नाही. पुढची मोठी ओहोटी अमावास्येला आहे.