उंची पेट्रोलची ठकठक

उंची मोटारीला उंचीच पेट्रोल हवे, असे म्हणतात. या उंचीपणाचे मूळ एका ठकठकीत आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण फार दाबले, की ज्योत पोचण्याआधीच त्याचा काही भाग आपोआप पेटतो आणि एंजिन ठकठकते. 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शिशाचे संयुग मिसळून ती थांबवली. 1923 पासून हे पेट्रोल ‘एथिल’ नावाने जादा दराने विकले गेले. नावात शिशाचा उल्लेखच नव्हता! 1924 मध्ये न्यू जर्सीत पाच कामगार या संयुगाच्या विषबाधेने दगावले. थोड्या खंडानंतर विक्री पुन्हा सुरू झाली. पुढे ऑक्टेन अंक आला. तो ठकठक रोखण्याची क्षमता सांगतो, पेट्रोलमधील ऊर्जा नव्हे. ज्या एंजिनात मिश्रण कमी दाबले जाते, त्याला जादा ऑक्टेनचा उपयोग नाही, मग मोटार कितीही महाग असो. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे जगभर हद्दपार व्हायला मात्र 2021 साल उजाडले.